कॅन्सरच्या ऑपरेशनआधी मनाचीही तपासणी करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की पेशंटच्या हातात तपासण्यांची एक लांबलचक चिठ्ठी पडते. रक्त, लघवी, छातीचा एक्सरे, ईसीजी, टूडी इको, फुप्फुसांची टेस्ट, शुगर, आणि सगळ्यात शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून फिटनेस. यातली एक जरी राहिली तरी तारीख पुढे जाते आणि ते बरोबरच आहे. पण त्या अख्ख्या फाईलमध्ये एकही कागद असा नसतो ज्यावर लिहिलंय की या माणसाला रात्री झोप लागते का, जेवण जातं का, त्याला नेमकी कशाची भीती वाटतेय, घरी मनातलं बोलायला कोणी आहे का. ठाणे आणि नवी मुंबईत जिथे जिथे कॅन्सरची ऑपरेशनं होतात तिथे हा एक कागद फाईलला लागलाच पाहिजे आणि तो भरल्याशिवाय पेशंटला ऑपरेशनलाही नेऊ नये आणि घरीही सोडू नये, ही माझी मुख्य मागणी आहे. का म्हणतेय ते सविस्तर लिहिते. पत्र मोठं झालंय, जागेसाठी कापलंत तरी चालेल, फक्त आकडे आणि शेवटचा फोन नंबर तेवढा ठेवा.

आम्ही घणसोलीला राहतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मूळचे पाटणकडचे, सगळं आयुष्य वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी म्हणून गेलं. रात्री-अपरात्री गाड्या लागायच्या, तंबाखू-चुना मळायचा, गाल भरायचा आणि गोणी उचलायची, असं वर्षानुवर्ष चाललं. गालाच्या आत जखम झाली ती भरेना, बायोप्सी केली तर कॅन्सर. ऑपरेशनमध्ये गालाचा आतला भाग, जबड्याच्या हाडाचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या आणि मांडीचं मांस-कातडी घेऊन नवा गाल बसवला. सर्जननी काम उत्तम केलं, त्याबद्दल एक शब्दही वाकडा नाही. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण हा प्रश्न त्या एका हॉस्पिटलचा नाहीये, ओपीडीच्या बाकावर बसून ज्यांच्या ज्यांच्याशी बोलले त्या सगळ्यांचं, वेगवेगळ्या हॉस्पिटलांचं, हेच म्हणणं होतं. आणि हे आबांना विचारूनच लिहितेय.

ऑपरेशननंतर गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली असते त्यामुळे आवाज निघत नाही, नाकातून पोटात दुसरी नळी, त्यातून सिरिंजने पातळ खाणं. कोणी आधी सांगितलेलं असलं तरी डोळे उघडल्यावर स्वतःच्याच घशातून आवाज येत नाही म्हटल्यावर माणूस किती घाबरत असेल याचा विचार करा. नर्सनी आबांना बोलण्यासाठी पाटी आणि खडू दिला. आता आबा शिकले चौथीपर्यंत, सही सोडली तर कित्येक वर्षांत हातात पेन नाही, ते काय लिहिणार? पाणी पाहिजे, पाठ दुखतेय, थुंकी काढा, उशी सरकवा, हे सगळं त्यांच्या डोळ्यांत दिसायचं आणि पाटीवर यायचं नाही. एकदाच त्यांनी पाटी मागून घेतली आणि मोठ्या अक्षरात "बास" लिहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. खरं तर चित्रांचा एक तक्ता पुरतो, पाण्याचा ग्लास, अंथरूण, दुखण्याचा चेहरा, पेशंटने बोट ठेवायचं की झालं. एका कागदाचा खर्च आहे. पण पेशंटला लिहिता येतं का हेच कोणी विचारलेलं नव्हतं.

त्यानंतरचा भाग महत्त्वाचा आहे. तोंडाच्या ऑपरेशननंतर आणि पुढे रेडिएशन असेल तर जबडा आखडत जातो, त्यासाठी तोंड उघडायचा व्यायाम रोज करायचा असतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, थोडा वेळ थांबायचं, मग हळूहळू एक-एक काडी वाढवत न्यायची. तोंड साधारण ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर डॉक्टर त्याला जबडा अडकला असं धरतात, म्हणजे मग घास घेणं, दात घासणं, डॉक्टरांना आत बघणं, सगळंच अवघड. दुखतं खूप, त्यामुळे मनाची तयारी असेल तरच माणूस ते करतो. आबा करायचेच नाहीत. तीन बॉलवालं फुंकायचं मशीन, म्हणजे खरं तर त्यातून श्वास आत ओढायचा असतो, फुप्फुसात कफ साचू नये म्हणून, तेही उशाशी तसंच पडलेलं. चालायला उठायचे नाहीत. फिजिओथेरपीवाल्या मुलीने फाईलमध्ये लिहिलं की पेशंट कोऑपरेट करत नाही. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही, तिला अजून वीस पेशंट बघायचे होते. पण त्या जाडजूड फाईलमध्ये आबांच्या मनाबद्दल लिहिलेलं तेवढं एकच वाक्य आहे.

मनाचा आणि जखम भरण्याचा काय संबंध असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं लिहिते. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या टीमने १९९५ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. घरातल्या डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, पेशंटची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या, तेवढ्याच कमाईच्या घरातल्या पण हा भार नसलेल्या १३ बायका, सगळ्यांच्या हातावर सारखीच साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. सेवा करणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९८ मध्ये त्याच युनिव्हर्सिटीत डेंटलच्या मुलांच्या टाळूला तशीच जखम करून बघितली, सुट्टीत ती जितक्या वेळात भरली त्यापेक्षा परीक्षेच्या काळात ४० टक्के जास्त वेळ लागला. टेन्शनमध्ये शरीरात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं आणि जखमेकडे धावून जाणाऱ्या पेशींचं काम ते मंदावतं असं त्याचं कारण सांगतात. हे दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि कॅन्सरच्या पेशंटवर केलेले नाहीत, हेही सांगायला हवं. मोठ्या ऑपरेशनची जखम शुगरवर, खाण्यावर, इन्फेक्शनवर, तंबाखू सुटली की नाही यावर अवलंबून असतेच. पण खचलेला माणूस खात नाही, झोपत नाही, हलत नाही, आणि ऑपरेशनआधी जास्त घाबरलेल्या पेशंटला नंतर दुखतंही जास्त हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत आहे. म्हणजे कुठल्याही बाजूने बघितलं तरी मन सोडून बरं होता येत नाही.

आयसीयूतली एक गोष्ट मुद्दाम लिहितेय कारण ती खूप घरात घडते आणि लाजेने कोणी बोलत नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री आबा उठून बसायला लागले, हातातली सुई ओढायला लागले, हातवारे करून कोणाला तरी दाखवत होते की गाडी लागलीय, माल उतरवा, मागे सरका. डोळे उघडे पण आम्हाला ओळखत नव्हते. नळी निघू नये म्हणून हात पलंगाला बांधले. ते बघून माझी आई बाहेर जिन्यात बसून रडली आणि नातेवाइकांत लगेच सुरू झालं की डोक्यावर परिणाम झाला, भूल चढली, आता हे असंच राहणार. याला डिलिरियम म्हणतात. वय जास्त असेल, मोठं ऑपरेशन असेल, झोप नसेल, वेदना असतील, रक्तातलं मीठ कमी झालं असेल, इन्फेक्शन असेल, किंवा रोजची दारू-तंबाखू अचानक बंद झाली असेल तर हे होऊ शकतं. बहुतेक वेळा कारण सापडून उपचार झाला की ते ओसरतं, आबांचंही ओसरलं. पण ते होऊ शकतं हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. आणि ते कमी करायला ज्या गोष्टी लागतात त्या इतक्या साध्या आहेत की वाईट वाटतं. पेशंटचा चष्मा आणि कानाचं मशीन लवकर परत द्या, समोर घड्याळ लावा, दिवसा उजेड आणि रात्री अंधार ठेवा, ओळखीचा आवाज कानावर पडू द्या, जमेल तेवढं लवकर उठवून बसवा. आबांचा चष्मा आमच्या पिशवीत होता कारण ऑपरेशनला नेताना सगळं काढून आमच्याकडे दिलेलं आणि नंतर कोणी मागितला नाही.

आता भेटायला येणाऱ्यांबद्दल. प्रत्येक जण येऊन सांगतो, पॉझिटिव्ह राहा, टेन्शन घेऊ नका, विल पॉवर स्ट्राँग ठेवा, आमच्या एकाला चौथ्या स्टेजचा होता तो आज क्रिकेट खेळतो. मन चांगलं असतं त्यांचं. पण ज्याचा अर्धा गाल गेलाय त्याला रडायचीही सोय राहत नाही, रडला तर लोक म्हणणार बघा हिंमत सोडली आणि उद्या आजार परत आला तर दोष पुन्हा त्याच्याच माथी, की मन खंबीर ठेवलं नाही. कॅन्सरच्या पेशंटच्या मनावर काम करणारी शाखा जिने उभी केली ती अमेरिकन डॉक्टर जिमी हॉलंड, १९७७ पासून न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ती हे काम करत होती, तिने या प्रकाराला सकारात्मक विचारांची हुकूमशाही म्हटलं होतं. टेन्शनमुळे कॅन्सर होतो किंवा हसत राहिलं की कॅन्सर जातो हे सिद्ध झालेलं नाही, म्हणून कृपा करून कोणी पेशंटला तसं ऐकवू नका. तंबाखूवाल्यांना तर आणखी एक ऐकावं लागतं, की केलं ते भोगा. ते त्याला माहीत असतं हो. रात्री जागा असतो तेव्हा तो तेच घोकत असतो.

उलटी बाजू पण आहे, म्हणजे पेशंटला सांगायचंच नाही. फक्त गाठ आहे, काढली की झालं, आणि रिपोर्टची फाईल नातेवाइकाच्या बगलेत. पण ज्या बिल्डिंगच्या पाटीवरच कॅन्सर लिहिलंय तिथे त्याला घेऊन गेल्यावर त्याला कळत नाही असं आपण कसं धरतो? मग तो आपल्यासाठी नाटक करतो आणि आपण त्याच्यासाठी, आणि दोघंही एकेकटे. किती सांगायचं, कधी सांगायचं, हे शिकवणारा माणूस हवा, ते घरच्यांच्या अंदाजावर सोडू नये. ऑपरेशननंतर काढलेल्या भागाचा रिपोर्ट यायला आठवडा दहा दिवस जातात, तेव्हा तर सगळं घर फोनकडे बघत बसलेलं असतं आणि त्याच काळात पेशंटने नीट खावं, व्यायाम करावा अशी आपली अपेक्षा असते.

बायकांचं दुःख वेगळंच. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या एक ताई माझ्या शेजारी बाकावर बसायच्या, कुर्त्याखाली जखमेतलं पाणी जमा होणारी ड्रेनची बाटली पिशवीत घालून गळ्यात अडकवलेली आणि हातात छोटी वही, रोज किती मिली पाणी आलं ते लिहायची. त्या म्हणाल्या, घरी सगळे या वहीतला आकडा विचारतात, मला कसं वाटतं ते कोणी विचारत नाही आणि मी आरशासमोर कपडे बदलणं बंद केलंय हे नवऱ्याला सांगू तरी कसं. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन होऊन पोटावर पिशवी लागलेल्या माणसांचंही तेच, वास येईल म्हणून लग्नाला जात नाहीत, लोकलला चढत नाहीत. या गोष्टी सर्जनच्या पाच मिनिटांच्या राउंडमध्ये कोणी बोलणार नाही आणि त्यांनी विचारावं अशी अपेक्षाही नाही, त्यासाठी वेगळा माणूस हवा. आणि जाता जाता एक कामाची गोष्ट, स्तनाच्या कॅन्सरनंतर ज्यांना टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू आहे त्यांनी डिप्रेशनची गोळी सुरू करताना मानसोपचार डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, कारण पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन अशी काही औषधं टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात, त्याऐवजी दुसऱ्या गोळ्या मिळतात. गोळी मनाने बंद करू नका, फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

तो जो कागद मी मागतेय तो जगात तयार आहे. डिस्ट्रेस थर्मामीटर म्हणतात, शून्य ते दहा आकड्यांचा उभा थर्मामीटर काढलेला असतो, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला तिथे पेशंटने खूण करायची, सोबत यादी असते की कशाचा त्रास, पैसे, येण्याजाण्याची सोय, मुलं, झोप, दुखणं, देवावरचा विश्वास. चार किंवा जास्त आलं तर पुढे नीट विचारपूस करायची. पाच मिनिटांचं काम. २०११ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या जर्नलमध्ये छापलेल्या एका पाहणीत ९४ अभ्यास एकत्र करून बघितले तर हॉस्पिटलमधल्या कॅन्सर पेशंटपैकी ३० ते ४० टक्के लोकांना डिप्रेशन, घोर चिंता असा मनाचा काही ना काही आजार निघाला. याचा अर्थ सगळ्यांना गोळ्या लागतात असं नाही. बऱ्याच जणांना नीट माहिती, एक समुपदेशक आणि त्याच ऑपरेशनमधून गेलेला एखादा माणूस भेटला तरी पुरतं. आबांच्या बाबतीत तेच झालं. कळव्याचे एक काका, त्यांचंही असंच गालाचं ऑपरेशन झालेलं, ते ओपीडीत भेटले, आबांच्या शेजारी बसून त्यांनी डब्यातली मऊ खिचडी खाल्ली आणि तोंड उघडून काड्या किती बसतात ते दाखवलं. मग आम्ही स्वतः शोधून समुपदेशनही सुरू केलं. आबा लगेच उठून नाचायला लागले असं काही नाही, पण काड्या हातात घेतल्या.

आपल्या ठाण्याला तर या बाबतीत कारण सांगायला जागा नाही. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, म्हणून तर महाराष्ट्रभर लोक ठाण्याला भरती करा असं टोमण्यात म्हणतात, आणि याच टोमण्यामुळे माणूस मानसोपचार तज्ज्ञाकडे जायला कचरतो, आबाही आधी खुणेने तेच म्हणाले, मला वेडा ठरवताय का. याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्यावर काम करतेय. खारघरला टाटाचंच अॅक्ट्रेक हे कॅन्सरचं केंद्र आहे, परळला टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे. माणसं आहेत, अनुभव आहे. पण घणसोली, ऐरोली, मुंब्रा, दिवा इथला पेशंट ऑपरेशन होऊन घरी आला की तो आणि त्याची बायको, एवढंच उरतं. समुपदेशनासाठी पुन्हा परळ गाठायचं म्हणजे घणसोली-ऐरोलीहून ठाण्याला गाडी बदला, गर्दी, मानेला टाके. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं हेसुद्धा अनेकांना माहीत नसतं आणि डब्यातले धडधाकट लोक कागद दाखवा म्हणून अंगावर येतात.

पैशांचं टेन्शन हेही मनाचंच टेन्शन आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, पहिल्याच दिवशी तिथे जा. ज्यांचा खासगी विमा आहे त्यांनी लक्षात ठेवा, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. आणि सेवा करणाऱ्याकडेही कोणीतरी बघा. माझ्या आईचं बीपी याच काळात वाढलं, ती दर दोन तासांनी नळीतून खाणं भरायची, रात्री अलार्म लावून उठायची, आणि तिला तू कशी आहेस विचारणारं कोणी नव्हतं. वर लिहिलेल्या त्या १३ बायका म्हणजे हीच माझी आई आहे.

तेव्हा ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेला, आणि खासगी हॉस्पिटलांनाही, माझी विनंती आहे. ऑपरेशन ठरताना, डिस्चार्जच्या दिवशी, रिपोर्ट आल्यावर आणि पहिल्या फॉलोअपला असा चार वेळा तो मराठीतला थर्मामीटरचा कागद भरून घ्या, वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा. डिलिरियम म्हणजे काय हे नातेवाइकांना आयसीयूच्या आधी सांगा. वाशी, नेरूळ, ऐरोलीची महापालिकेची हॉस्पिटलं आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय इथे आठवड्यातला एक ठरावीक दिवस कॅन्सर पेशंट आणि घरच्यांसाठी समुपदेशक बसवा, ऑपरेशन कुठेही झालेलं असो, आणि जुन्या पेशंटनाही त्या दिवशी बोलवा. डिस्चार्ज कार्डवर टाके कधी काढायचे ते लिहिता तिथेच खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर छापा, १४४१६, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, २०२२ पासून सुरू आहे आणि आमच्या वॉर्डात एकाही पेशंटला तो माहीत नव्हता. आपल्या पेपरात आरोग्याच्या पानावर हा नंबर रोज एका चौकटीत छापता आला तर फार उपकार होतील.

आपली,
एक वाचक, घणसोली, नवी मुंबई
(नाव छापू नये ही विनंती)